कडूबाचा गार मांडव

कडूबाच्या खिशातल्या कांद्यावरून पडेगावात दोन तट होते. एक तट म्हणायचा, कांदा ऊन लागू नये म्हणून आहे. दुसरा म्हणायचा, सुगंधाबाई नवऱ्याला भाकरीबरोबर कोरड्यास वाढत नाही, म्हणून बिचारा आपली सोय आपण बाळगून फिरतो. खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण दुसऱ्या तटाच्या बोलण्यात मजा जास्त, म्हणून चहाच्या टपरीवर त्याचीच चलती होती.

आता कडूबा काही नाजूक माणूस नव्हे. जन्म मेंढरं वळण्यात गेलेला. दौलताबादच्या रस्त्याला घरं संपून माळ लागतो, त्या माळावर भर वैशाखात दिवसभर उभा राहायचा. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. खालचा खडक तापून वहाणेतून चटका द्यायचा, पण गड्याच्या तोंडून कधी हाश्शहुश्श निघालं नाही. एकदा नाल्यात लांडग्यानं शेळीचं करडू धरलं, तर यानं काठी टाकून नुसत्या हातांनी ते ओढून घेतलं. करडाचा एक कान लांडग्याकडे राहिला, बाकीचं करडू कडूबाकडे. पुढं त्याची मोठी शेळी झाली, कानतुटी. सगळा कळप तिच्या मागं चालायचा.

असा माणूस. पण कुणाच्या लग्नाची पत्रिका आली आणि तिच्यावर तिथी उन्हाळ्यातली निघाली, की हा खिशातला कांदा चाचपायचा. रानातल्या उन्हाला तो भीत नव्हता. मांडवातल्या उन्हाला भ्यायचा.

याला कारण त्याचं स्वतःचं लग्न. ते झालं देवगाव रंगारीला, सुगंधाबाईच्या माहेरी, असंच वैशाखात. कडूबाचे वडील मुंजाबा वरातीपुढं लेझीम खेळले, व्याह्यांना कडकडून भेटले, सगळ्यांची थट्टा केली आणि मांडवाच्या मेढीला पाठ टेकून खाली बसले. "कडूबा, पाणी दे रं," एवढंच म्हणाले. नवरदेव मुंडावळ्या सावरत स्वतः उठला. तांब्या भरून आणला. मुंजाबा मेढीला टेकले होते ते तसेच टेकलेले होते, डोळे अर्धे उघडे, आणि पाणी प्यायला आता कुणी नव्हतं.

अंगाची हळद उतरायच्या आत कडूबानं बापाला खांदा दिला. आणि बायका काय म्हणाल्या? जे म्हणतात तेच. नवरी पांढऱ्या पायाची. त्यात सगळ्यांत मोठा आवाज सासूचा, म्हाळसाबाईचा. पुढं मेंढी लंगडली तरी सुनेचा पाय, दूध नासलं तरी सुनेचा पाय. सुगंधाबाईचे पाय शेणामातीत भेगाळून काळे झाले, नाव मात्र तेच राहिलं.

तर अशा घरातल्या लेकीचं, आशाचं, लग्न ठरलं. पोरगी दहावी शिकलेली, तोंडानं फटकळ, मनानं चांगली. मुलगा सोयगावचा, पुंजारामचा थोरला. सुपारी फुटली, साखर वाटली, आणि मग पुंजारामनं तिथी सांगितली. वैशाखातली. मुहूर्त भर दुपारचा.

कडूबानं चहाची बशी खाली ठेवली.

"इवाई," तो म्हणाला, "सकाळचा एखादा न्हाय का?"

"सकाळी आमचं वऱ्हाड घाटात असंल. तिथं लावता का अक्षता?"

"मग सांच्याला धरू. गोरज."

"आन माघारी कवा जायचं? बायापोरं हायती संगं."

"पर ऊन लई..."

पुंजारामनं मिशीवर हात फिरवला. "इवाई, तुमी मेंढरं वळता का लोणी?"

सगळी बैठक हसली. कडूबाही हसला. पण त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. घास तोंडात फिरायचा. माळावर उभा असला तरी त्याला समोर माळ दिसायचा नाही, मेढीला टेकलेलं एक माणूस दिसायचं. त्याचं तोंड मात्र रोज बदलायचं. कधी पुंजाराम, कधी एखादी पोटुशी बाई. आणि बहुतेक वेळा म्हाळसाबाई.

कारण म्हाळसाबाई आता इतकी वाळली होती, की खाटेवर बसली तरी खाट वाकत नव्हती. आणि जीभ? ती तेवढी तरणी होती.

"माय," कडूबानं एक दिवस हिय्या केला, "लग्नाच्या दुपारी तू आपली घरातच निज. मातीचं घर, गार असतंय. अक्षता पडल्या की आशाला आनतो तुझ्या पाया पडाया."

"मी काय मेलेली हाय व्हय रं, माझ्या पाया पडाया घरात आनतो?"

"तसं न्हाय माय. ऊन बादतं. बापाला..."

"तुझा बाप उन्हानं गेला व्हय?" म्हातारी म्हणाली, आणि चुलीपुढं बसलेल्या सुनेकडं तिरपं बघितलं. "कशानं गेला ते साऱ्या गावाला ठावं हाय."

 सुगंधाबाईच्या हातातली भाकरी जरा जास्त जोरात थापली गेली. म्हातारी उठून बाहेर गेल्यावर मात्र तिनं नवऱ्याकडं न बघता म्हटलं, "आशाचे बाप, माझं झालं ते झालं. पोरीच्या पायाला तेवढं चिकटू देऊ नका."

झालं. आधीच भ्यालेल्या माणसाला हे ऐकवलं. आता मांडवात नुसती एखाद्याला भोवळ आली तरी सोयगावच्या बायका आशाच्या पावलांकडं बघणार, हे त्याला स्पष्ट दिसायला लागलं.

मग कडूबानं कंबर कसली. शहराकडच्या छावणी भागात मजीद मांडववाला होता. मांडव, खुर्च्या, कूलर, भोंगे, सगळं त्याच्याकडं. कडूबानं त्याला मागण्या सांगायला सुरुवात केली आणि मजीदची पान चघळणारी दाढ थांबली.

"कूलर पायजे. चारी कोपऱ्यांत. मधी बी. वाळ्याचे पडदे पायजे. पान्याचे पिंप. बर्फ."

"कडूबाभाऊ," मजीद म्हणाला, "लगीन करायलास का बर्फाचा कारखाना काढायलास?"

"थट्टा नगं मजीदभाई. कुनी आडवं पडलं न्हाय पायजे."

"कोन नाय पडत. उगाच फिकर करते तू. हमारी अम्मीची कसम, असा मांडव टाकतो, लोकं बोलेंगे आम्हाला घरी नाय जायचं."

कडूबाचं एवढ्यानं भागलं नाही. वरात त्यानं बंद केली. नवरदेवाला गाडीतून उतरवून छत्रीखाली आणायचं ठरलं. बँडवाल्यांना सांगितलं, सावलीत उभं राहून काय ते वाजवा. ताक, कैरीचं पन्हं, दोन्हींचे पिंप. आणि मांडवाच्या दारात पाव्हण्यांना अत्तर लावायचं, गुलाबपाणी शिंपडायचं, ते सोडून यानं ठेवली कांद्याची पाटी. येईल त्याच्या हातात एक कांदा. यावरून टपरीवर जे बोललं गेलं ते सगळंच इथं लिहिण्यासारखं नाही. एकानं विचारलं, "कडूबा, भाकरी बी दारातच देतो का?" ते सगळ्यात सभ्य.

लग्नाच्या दिवशी मजीद सकाळीच मांडव उभा करून बसला होता. आणि खरं सांगायचं तर चांगला केला होता. वर जाड कापड, त्यावर लिंबाचे डहाळे. उन्हाच्या बाजूला वाळ्याचे ओले पडदे. बाजूच्या कनातींच्या खाली आणि वर हातभर मोकळी जागा. सावलीकडची एक बाजू पूर्ण उघडी.

"ही बाजू उघडी ठेव," मजीदनं बजावलं. "हवेला जायाला रस्ता पायजे. हात नको लावू. मी बर्फ घेऊन येतो."

कडूबानं मान हलवली. मजीदची गाडी रस्त्याला लागली. आणि मग, बूड टेकायला म्हणून कडूबा मांडवात बसला, तेव्हा त्याच्या घोट्याला काहीतरी लागलं.

वारा. कनातीखालून येणारा, गरम.

आता इथं मेंढक्याचं डोकं समजून घेतलं पाहिजे. पौषाच्या थंडीत मेंढ्या वितात, तेव्हा ओल्या कोकराचा एकच वैरी, वारा. कडूबानं आयुष्यभर काय केलं? कोकरांच्या कुडाला बोटभर फट दिसली तरी बुजवली. काटक्या, पोती, कडबा, घोंगडी, जे हाताला लागेल ते. फट बुजली, कोकरू जगलं. भ्यालेल्या माणसाचे हात जे येतं तेच करतात. त्या हातांना थंडी काय आणि झळ काय.

त्यानं भावकीतले चार गडी बोलावले. पोती भिजवली, कनातीखाली ठासली. घरातल्या झाडून साऱ्या घोंगड्या पिंपात बुडवल्या आणि वरच्या फटींवर टाकल्या. राहिली ती उघडी बाजू. तेवढं मोठं झाकायला काय आणायचं? शेजारच्या विहिरीवर हिरवागार घास उभा होता, ढोरांचा चारा. कडूबानं तो कापून आणला, पाणी मारून त्याच्या पेंढ्या बांबूंना उभ्या-आडव्या बांधल्या, खालपासून वरपर्यंत. ओली, गार, हिरवी भिंत. माणसाला आत यायला नुसतं एक दार, त्यालाही पडदा.

आत कसं झालं? विहिरीत उतरल्यासारखं. अंधारं, थंडगार. कूलर घरघरत होते, गालाला तुषार लागत होते. कडूबा मधोमध उभा राहिला, डोळे मिटले, आणि तिथी ठरल्यापासून पहिल्यांदा त्यानं छाती भरून श्वास घेतला.

वऱ्हाड आलं तेव्हा बाहेर डांबर वितळत होतं. पुंजाराम कांदा हातात घेऊन आत शिरला आणि दारातच थबकला. "इवाई! काश्मीर केलं की हो!"

माणसं येत गेली. सोयगावची, देवगावची, पडेगावची, आणि पडेगावात ज्यांना आमंत्रण नव्हतं तीही, कारण गार मांडवाची बातमी पसरली होती. म्हाळसाबाई नवं लुगडं नेसून पुढं येऊन बसली. कुठं? मधल्या मेढीला पाठ टेकून.

कडूबा तिच्यापाशी धावला. "माय, हितं नगं. खुर्चीवर बस."

"खुर्चीवर पाय लटकत्यात. सरक, मला नवरदेव दिसंना."

आशा उभी राहिली, नवरदेव उभा राहिला, अंतरपाट धरला. भटजींनी पहिलं मंगलाष्टक उचललं. आणि तिथून, कुणाला कळलंही नाही असं, मांडवातली हवा फिरली.

आधी अक्षता बोटांना चिकटायला लागल्या. मग शर्ट पाठीला. कूलर पाणी ओढत होते आणि आतलीच हवा परत आत फेकत होते. तीत दोन-तीनशे माणसांचे श्वास, मोगऱ्याचे गजरे, हातातले कांदे आणि ओल्या घोंगड्यांचा तो मेंढराचा उग्र दर्प. गार होतं ते कोंदट झालं, कोंदट होतं ते उकळायला लागलं. भटजी दोन शब्दांमध्ये धापा टाकू लागले. मागं एक पोर रडलं, मग दुसरं. कुणीतरी म्हणालं, "पडदा उघडा रे," पण मांडव गच्च भरलेला, दारापर्यंत पोचतो कोण?

कडूबा म्हाळसाबाईकडंच बघत होता. म्हातारीचं तोंड उघडं पडलं होतं. मान हळूहळू मेढीवर कलत होती. तो गुडघ्यावर बसला.

"माय."

तिनं डोळे अर्धे उघडले. "कडूबा," ती पुटपुटली, "पाणी दे रं."

तेच शब्द. तोच वैशाख. मेढही तशीच.

कडूबाला उठता येईना. पिंप पंधरा पावलांवर होतं, पण त्याला पक्कं ठाऊक होतं: आपण उठलो, तांब्या भरला, परत आलो, की इथं पाणी प्यायला कुणी नसणार. न उठलं तर म्हातारी तहानेनं जाणार, उठलं तर आपल्या पाठीमागं जाणार. त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि तिथंच बसून राहिला. दातांवर दात आपटत होते, त्या वाफेत, घामानं निथळताना, थंडी वाजल्यासारखे. मंगलाष्टक चालू होतं. त्याला भटजींचा आवाज देवगावच्या भटजींसारखा ऐकू येत होता.

"व्हा बाजूला." सुगंधाबाई होती. तिनं एकदा नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, एकदा सासूच्या, आणि पदर खोचून गर्दीत घुसली. "पानी! सोडा मला! पानी घेऊ द्या!"

आता जरा मांडवाबाहेर चला. नाल्यापलीकडं, बाभळीखाली, जाळीच्या वाघरीत कडूबाचा कळप कोंडलेला होता. शिमग्यापासून त्या जनावरांनी हिरवं असं काही पाहिलं नव्हतं; माळावरची वाळकी काडी आणि बाभळीच्या शेंगा, एवढ्यावर दिवस काढलेले. माणसांना मांडवातून बाहेर पडायला वाट मिळत नव्हती, पण घासाच्या वासाला मिळाली. कानतुटीनं नाक वर केलं. एका कानाची असली तरी नाक तिचं शाबूत होतं. तिनं वाघरीचा खुंटा डोक्यानं पाडला. आणि कानतुटी निघाली म्हटल्यावर मागं कोण राहतंय?

आत कडूबानं आधी आवाज ऐकला. करकर, करकर. त्याला वाटलं, झालं, आता आपले कान वाजायला लागले. मग हिरव्या भिंतीला एक भोक पडलं. भोकातून प्रकाशाचा एक पट्टा आला आणि त्यामागून एका कानाचं तोंड. मग बांबू कलला. मग दुसरा. आणि सगळी भिंत, पेंढ्यांसकट, मेंढरांच्या पाठीवर कोसळली.

वारा आत आला. गरम, कोरडा, माळावरचा, खडकाचा वास असलेला तो वारा, ज्याला कडूबा मांडवात घेत नव्हता. तो सरळ आतून निघून गेला, आणि जाताना सगळी वाफ घेऊन गेला. मांडवभर एकदम मोठा आवाज झाला, शेकडो माणसांनी एकदम श्वास सोडल्याचा. मग बायका किंचाळल्या, कारण मेंढरं पायांतून शिरली होती.

त्या मेंढरांतून वाट काढत, डोक्यावर तांब्या धरून, सुगंधाबाई आली. कडूबानं डोळे घट्ट मिटून घेतले. बघायचंच नव्हतं त्याला.

गट्. गट्. गट्.

त्यानं एक डोळा उघडला. म्हातारी पाणी पीत होती. तांब्या सुनेच्या हातात, हनुवटीवरून ओघळ, आणि मांडीवर कानतुटीचं तोंड, घास चघळत.

"आलीस व्हय गं भवाने," म्हाळसाबाई शेळीला म्हणाली, "तुलाबी आमंत्रन व्हतं का?"

कडूबाला रडू फुटलं. भर मांडवात, व्याह्यासमोर, मोठ्यानं.

माणसं बाहेर लिंबाच्या सावलीला निघाली. तेवढ्यात बर्फाच्या लाद्या घेऊन मजीद पोचला. त्यानं मांडवाकडं बघितलं, घोंगड्यांकडं बघितलं, भिंत खाणाऱ्या कळपाकडं बघितलं. "या अल्ला! वऱ्हाडाच्या पहिले मेंढरं जेवली? कडूबाभाऊ, हात नको लावू बोललो होतो ना?" आणि बोलता बोलताच बर्फ फोडून फडक्यात बांधून म्हातारीच्या कपाळाला लावलासुद्धा.

पण कडूबाची भीती अजून गेली नव्हती. कारण सोयगावकडच्या बायकांत कुजबुज सुरू झाली होती, आणि त्यातली एक जाडजूड मावशी आशाच्या पायांकडं बघत म्हणाली, "अक्षता पडायच्या आधीच म्हातारी आडवी. पाऊल जरा..."

"कोन बोललं गं ते?" म्हाळसाबाई बर्फाचं फडकं बाजूला करून उठून बसली. "म्होरं ये. पोरीच्या पायाला नाव ठिवायचं न्हाय, सांगून ठिवते. ह्येच्या बापाला उन्हानं नेलं. आन मला ह्या शहान्यानं घोंगडीत कोंडून मारलं असतं. त्यात ना सुनंचा पाय, ना नातीचा!"

मावशी बायकांच्या मागं सरकली.

सुगंधाबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. पुढं काय झालं यावरही पडेगावात दोन तट आहेत. एक म्हणतो, ती पदराआड रडली. दुसरा म्हणतो, ती स्वैपाकाच्या चुलीकडं गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एवढ्या सालांनी सुचलं व्हय बाईंना!" दुसरा तट खरा असावा, कारण चुलीपाशी असलेल्या तिघीजणी तसंच सांगतात.

राहिलेली मंगलाष्टकं लिंबाखाली झाली. अक्षता खाली पडायचा अवकाश, मेंढरं टिपून घेत होती. पुंजाराम ताकाचा तिसरा पेला रिकामा करत म्हणाला, "इवाई, आमच्या वऱ्हाडात ही मंडळी धरली नव्हती बरं का. मानपान तुमच्याकडं." कडूबा हसला, आणि हसता हसता सारखा मागं वळून म्हातारीची छाती वरखाली होते का ते बघत राहिला.

उन्हं उतरल्यावर वऱ्हाडाची गाडी निघाली. आशा रडून रडून गाडीत बसली. कडूबा खिडकीशी आला. बोलायचं पुष्कळ होतं, त्यातलं काही तोंडातून निघेना. त्यानं खिशात हात घातला आणि तिच्या मुठीत काहीतरी कोंबलं.

आशानं मूठ नाकाशी नेली, आणि रडतारडता तिला हसू आलं.

"बाबा," ती म्हणाली, "सोयगावातबी कांदे मिळत्यात."

"मिळू दे," कडूबा म्हणाला. "घाटापातूर तरी हातात धर."